प्रकरण अकरा घरी वाचून यावे

९ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.२०

आजपासून रोजनिशी लिहिणार. ठरलं म्हणजे ठरलं. ही वही फक्त माझ्यासाठी आहे. बायकोच्या हाती लागू नये म्हणून शब्दकोशाच्या मागे ठेवतो.

शनिवारी मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफरूममध्ये सांगितलं की यंदापासून अंतिम परीक्षेत उत्क्रांतीवर आठ गुणांचा प्रश्न सक्तीचा. आजवर त्याला पर्याय असायचा. सतरा वर्षं मी जानेवारी आला की फळ्यावर लिहीत आलो, 'प्रकरण अकरा घरी वाचून यावे.' याला कुणी टाळाटाळ म्हणेल. मुलांना स्वावलंबी करणं ही माझी पद्धत आहे.

यंदा मात्र शिकवणार. नुसतं शिकवणार नाही, गाजवणार. 'सर्वांसाठी जीवशास्त्र' असा उपक्रम डोक्यात आहे. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, जे मागच्या बाकावर डुलक्या काढतात, त्या सगळ्यांपर्यंत विषय पोचवायचा. एप्रिलमधल्या शिक्षक संमेलनात त्यावर निबंध वाचणार. फाइलचं मुखपृष्ठ तयार आहे, दोन रंगांत. आत अजून काही नाही.

प्रकरण अकरा: सोमवार, १६ तारीख. पक्कं.

१० जानेवारी, मंगळवार

एक बारीकशी अडचण.

पहिल्या बाकावर बसणारी माझी एक विद्यार्थिनी आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. ठिपक्यांच्या लिपीत भराभर टिपणं काढते. तो कागद टोचण्याचा टकटक आवाज ऐकला की कुणीतरी माझ्या चुका मोजतंय असं वाटतं. हुशार आहे. फार प्रश्न विचारते. उपक्रमासाठी आदर्श.

अडचण तिच्या वडिलांची. ते पुलापलीकडच्या प्रार्थनाघराचे उपदेशक आहेत. आमच्या स्टाफरूमच्या दारातून आत येताना त्यांना वाकावं लागतं. रविवारी खिडक्या उघड्या असल्या की त्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. शब्द कळत नाहीत, नुसता आवाज. एखाद्या भित्र्या माणसाला धडकी भरावी असा आवाज आहे.

त्यांच्या मुलीपुढे मी उभा राहून म्हणणार की सगळे सजीव हळूहळू बदलत आले, कुणी एका दिवशी घडवून ठेवले नाहीत. हरकत नाही. विज्ञान ते विज्ञान.

बायको परिचारिका आहे, रक्तदाब मोजायचं यंत्र घरीच असतं. सहज मोजला. १४४/९२. पट्टा सैल बसला असावा.

१२ जानेवारी, गुरुवार. दुपार

मोकळ्या तासाला प्रकरण अकरा वाचलं. नीट, पहिल्यापासून. एकवीस पानं आहेत. मला वाटत होतं सात-आठ असतील.

तिसऱ्या पानावर थोडा गोंधळ झाला. माझी समजूत अशी की माकडाचा माणूस झाला. पुस्तक ते तसं म्हणत नाही. छपाईची चूक असेल म्हणून मागची आवृत्ती काढली. तीही तसं म्हणत नाही. असो, तपशिलाचा भाग आहे.

आकृती ११.३ मध्ये माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर आणि मांजराचा पुढचा पाय, चौघांची हाडं शेजारीशेजारी काढली आहेत. पोस्टाच्या तिकिटाएवढी. मलाच चष्मा काढून, पुन्हा लावून बघावं लागलं. प्रयोगशाळेतल्या मावशी बाटल्या पुसत होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, हे त्या पोरीला कसं कळणार, मातीत करून देऊ का. मी म्हणालो, मावशी, आधी वैचारिक बैठक तयार होऊ द्या. त्या म्हणाल्या, बरं, आणि पुस्तक घेऊन गेल्या.

१६ जानेवारी, सोमवार

आज प्रकरण अकरा शिकवलं नाही. त्याऐवजी प्रकरण दहाची उजळणी घेतली. मूत्रपिंडाचा पाया कच्चा राहिला तर उत्क्रांती समजणार नाही, असं वर्गाला सांगितलं. संबंध काय, असं पहिल्या बाकाने विचारलं. संबंध सखोल आहे, असं उत्तर दिलं.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. सतरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, मी हे प्रकरण सुरू केलं होतं. पंधरा मिनिटं शिकवलं असेल. त्या आठवड्यात पालकसभा होती. एक पालक उठून उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, सर, तुमचे आजोबा माकड होते का. सगळा हॉल हसला. मला उत्तर सुचेना. कान गरम झाले होते ते आठवतं. खाली बसताना खुर्ची मागे सरकली, तेव्हा परत हसले.

त्याचा आजच्या उजळणीशी काही संबंध नाही.

१८ जानेवारी, बुधवार

तास संपल्यावर पहिला बाक टेबलापाशी आला. काठी भिंतीला टेकवून ती म्हणाली, सर, प्रकरण अकरा कधी घेणार. लवकरच, मी म्हणालो. मग ती म्हणाली, बाबांना तुम्हाला भेटायचं आहे.

कशासाठी, असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तिने थोडी वाट पाहिली. सर, तुम्ही आहात ना, असं विचारलं. आहे, म्हणालो.

घरी आल्यावर १५२/९८. बायको म्हणाली, पट्टा सैल नाही, मी बांधलाय.

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, भेटा ना मग, माणूस आहे तो, खाणार आहे का तुम्हाला. बायकोला या विषयातले धोके कळत नाहीत. त्या माणसामागे शेकडो लोक आहेत. तो एक शब्द बोलला की शाळेच्या फाटकाशी गर्दी जमेल. माझं नाव भिंतीवर रंगवतील. मी गल्लीतून जाताना खिडक्या बंद होतील. हे सगळं मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतं.

संकल्प: घाबरायचं नाही. मात्र उद्यापासून मागच्या फाटकाने ये-जा करायची. तो रस्ता सावलीचा आहे.

२० जानेवारी, शुक्रवार

मार्ग सापडला. इतका सोपा की स्वतःचंच कौतुक वाटलं.

पुढच्या वर्षीच्या विषयनिवडीचे फॉर्म भरायला आले आहेत. त्यात 'विषयशिक्षकाचा अभिप्राय' असा रकाना असतो आणि शेजारी 'कारण'. पहिल्या बाकाने जीवशास्त्र निवडलं आहे. मी शांतपणे लिहिलं: 'जीवशास्त्र हा पाहण्याचा विषय आहे. विद्यार्थिनीच्या हिताचा विचार करता दुसरा विषय सुचवतो.' कारण: 'दृष्टी.'

हे तिच्या भल्यासाठी आहे. सूक्ष्मदर्शक, विच्छेदन, आकृत्या. पोरीच्या नाकी नऊ येतील. शिवाय पुढच्या वर्षी ती माझ्या वर्गात नसली तर तिच्या वडिलांनाही मनस्ताप नाही. यंदाचं प्रकरण अकरा काय, मार्चपर्यंत उजळणीत निघून जाईल. सगळ्यांचीच सोय झाली.

'सर्वांसाठी जीवशास्त्र'च्या फाइलमध्ये पहिलं पान लिहिलं. प्रस्तावना. चांगली जमली आहे.

रक्तदाब १३८/८८. जीव भांड्यात पडला.

२३ जानेवारी, सोमवार. दुपारी १.१५

फॉर्म पालकांच्या सहीसाठी घरी जातो.

हे मला माहीत असायला हवं होतं. सतरा वर्षं मीच वर्गात सांगत आलोय, फॉर्म घरी न्या, सही घेऊन या. ऑफिसात धावलो. क्लार्क म्हणाला, शनिवारीच वाटले. तो फॉर्म परत मागवता येईल का, असं विचारलं. कशासाठी, तो म्हणाला. शुद्धलेखन, मी म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं तेवढं पुरे झालं.

म्हणजे तो कागद त्या घरात आहे. तिला ठिपक्यांशिवाय वाचता येत नाही, म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणार कोण तर तिचे वडील. त्या आवाजात.

१.४०

ते शाळेत आलेत. मी नमुन्यांच्या खोलीत आहे. हे उभ्याउभ्या लिहितोय. लपलेलो नाही, नमुन्यांची यादी तपासायची राहिली होती. बाहेर व्हरांड्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला, मग त्यांनी कुणालातरी माझं नाव विचारलं. मावशींचा आवाज आला, आत्ता तर इथेच होते.

बरणीतला साप माझ्याकडे बघतोय. बरणीवरची चिठ्ठी मीच लिहिली आहे आणि तिच्यावर सापाची जात चुकीची लिहिली आहे, हे आज लक्षात आलं.

२.२५

गेले. मावशींनी दार उघडलं. माझ्या पाठीला लागलेली जळमटं झटकली. मग म्हणाल्या, सर, पहिली खेप सुकताना तडकली, दुसरी करायला घेतली आहे. कसली खेप ते कळलं नाही. विचारायचं त्राण नव्हतं.

२४ जानेवारी, मंगळवार

आजारी रजा. लक्षण: अस्वस्थता. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला आणि कामाला निघून गेली.

२७ जानेवारी, शुक्रवार. दुपारी १२

रजेचा चौथा दिवस. आज बायकोची सुट्टी. दहा वाजता बेल वाजली. दाराच्या काचेपलीकडे सावली दिसली. दाराएवढी सावली एकाच माणसाची असते. मी आतल्या खोलीत जाऊन चादर डोक्यावरून घेतली.

बायकोने दार उघडलं. या ना, म्हणाली. बसा, म्हणाली. चहा टाकते, म्हणाली. सतरा वर्षं संसार केलेल्या बाईने नवऱ्याच्या जिवावर उठलेल्या माणसाला बसायला खुर्ची दिली.

तासभर बसले. भिंतीतून शब्द कळत नव्हते. मधे एकदा बायको हसली. मग खुर्ची सरकली, दार लागलं.

मी बाहेर आलो आणि विचारलं, काय म्हणत होते. ती कपबशा विसळत म्हणाली, मंगळवारी अकरा वाजता मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत येणार आहेत, तुम्ही तिथे असा. बाकी तुम्हीच विचारा. मी पुन्हा विचारलं, रागावलेत का फार. तिने नळ बंद केला. म्हणाली, तुम्ही त्या मुलीच्या फॉर्मवर काय लिहिलंत ते मला का नाही सांगितलं.

मी विसळलेल्या कपबशा पुसायला घेतल्या. तिने रक्तदाबाचं यंत्र कपाटात ठेवून दिलं.

३० जानेवारी, सोमवार

शाळेत गेलो. पुढच्या फाटकाने, कारण मागचं बंद होतं.

उद्याची तयारी केली. तीन वाक्यं पाठ केली आहेत. एक, मी फक्त अभ्यासक्रम राबवतो. दोन, श्रद्धेचा मला पूर्ण आदर आहे. तीन, फॉर्ममधला मजकूर नजरचुकीने गेला. आरशापुढे म्हणून पाहिली. तिसऱ्या वाक्याला आवाज फाटतो.

राजीनाम्याचा मसुदाही करून ठेवला आहे. भीतीपोटी नाही. स्वाभिमान म्हणून.

३१ जानेवारी, मंगळवार. दुपारी २

जसं झालं तसं लिहितो.

अकराला दहा कमी असतानाच मी जाऊन बसलो. मुख्याध्यापिकाबाई कागद चाळत होत्या. ते आले, दारात वाकले, आणि समोरच्या छोट्या खुर्चीत कसेबसे बसले. पिशवीतून पाठ्यपुस्तक काढलं. आमचंच. प्रकरण अकरापाशी कागदाची खूण होती आणि ती पानं हाताळून मऊ पडली होती.

मी पहिलं वाक्य म्हटलं, मी फक्त अभ्यासक्रम राबवतो. ते म्हणाले, हो सर, त्यासाठीच आलोय. मग जे बोलले ते मी मधे न तोडता ऐकलं.

ते म्हणाले, हिची ठिपक्यांची पुस्तकं उशिरा येतात, म्हणून सगळे विषय मी वाचून दाखवतो. हे प्रकरण सुट्टीत सुरू केलं. दुसऱ्या पानावर पुस्तक मिटलं. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तीस वर्षं लोकांना सांगत आलो की हे सगळं त्याने घडवलं. कसं घडवलं, हे मला कधी कुणी विचारलं नाही. हिने विचारलं. मला माहीत नव्हतं, म्हणून भीती वाटली.

एवढा मोठा माणूस ते वाक्य सरळ बोलून गेला. पाणी मागावं तसं.

पुढे म्हणाले, तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला घेतलं. मध्येच सोडलं असतं तर तिला कळलं असतं की बाप भ्याला. आतापर्यंत तीनदा वाचून झालंय. मी काय मानतो ते आज मला धड सांगता येत नाही. एका रविवारी प्रवचनात तसं सांगितलंही, तर दोन कुटुंबं यायची थांबली. ते माझं मी बघेन. पण सर, मला शब्द वाचता येतात, चित्रं वाचता येत नाहीत. आकृती तीनपाशी आम्ही महिनाभर अडकलोय. तेवढी तिला समजावून द्या, एवढंच सांगायला फेऱ्या मारतोय.

मी खाली बघत होतो. त्यांच्या बुटांना पुलावरचा चिखल लागला होता.

मग त्यांनी फॉर्म काढला. मुख्याध्यापिकाबाईंपुढे ठेवला आणि माझा अभिप्राय वाचला. मोठ्याने नाही, पण तो आवाज बारीक होऊच शकत नाही. 'जीवशास्त्र हा पाहण्याचा विषय आहे.' म्हणाले, हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, सूक्ष्मदर्शकाशिवाय सरांना पेशी दिसते का.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, काय सर. दिसत नाही, मी म्हणालो. दुसरं आणि तिसरं वाक्य आठवेना.

त्या म्हणाल्या, अभिप्राय बदलता येईल, पण कारण लिहावं लागेल. पेन पुढे केलं. मी जुना मजकूर खोडला, 'विद्यार्थिनीने जीवशास्त्र घ्यावे' असं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात 'नजरचूक' लिहिलं. बाईंनी वाचलं. म्हणाल्या, हा शब्द इथे नको.

तोही खोडला. रकाना लहान, त्यात दोन खाडाखोडी. पालक समोर बसलेले. घड्याळाचा आवाज येत होता. खूप कारणं सुचली, एकही त्या रकान्यात मावेना. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं, 'आधीचा अभिप्राय शिक्षकाने भीतीपोटी दिला होता.'

बाईंनी शिक्का मारला. उपदेशक उठले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, शुक्रवारी तासाला मागे बसलो तर चालेल का. चालेल, मी म्हणालो. नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

३ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३.४०, प्रयोगशाळेत

प्रकरण अकरा घेतलं. घेतलं गेलं, असं लिहिणं जास्त बरोबर.

ते शेवटच्या बाकावर गुडघे बाहेर काढून बसले होते. मी फळ्यावर 'उत्क्रांती' लिहिलं. खडू दोनदा तुटला. वर्गाकडे वळलो आणि म्हणालो, फार फार वर्षांपूर्वी माकडापासून माणूस झाला.

टकटक थांबली. पहिल्या बाकाने हात वर केला. सर, बाबांनी वाचलं त्यात तसं नाही. मग कसं आहे, मी विचारलं. ती उठली आणि म्हणाली, माझी चुलतबहीण ही माझी आजी नव्हे. आमच्या दोघींची आजी एक. तसं आजची माकडं आणि आपण. दोघांचे पूर्वज एक होते, ते आता नाहीत. ते माकडासारखे दिसत असतील, पण हे आजचं माकड नव्हे.

मुलं हसली नाहीत. एकाने ते वहीत उतरवून घेतलं. सतरा वर्षांपूर्वी त्या हॉलमध्ये मला एवढंच म्हणता आलं असतं, आणि मी खाली बसलो असतो. सतरा वर्षं माझ्याजवळ हे पुस्तक होतं.

मागे ते बसलेले, पुढे ती उभी, मधे मी. तेवढ्यात मावशी आल्या. हातात लाकडी फळी, फळीवर मातीचे चार हात. आकृती ११.३, खऱ्या हाताएवढी. मी त्यांना हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. त्या थांबल्याच नव्हत्या.

फळी पहिल्या बाकावर ठेवली. मुलीने आधी माणसाचा हात चाचपला. वरचं एक हाड. खाली दोन. मग मनगटापाशी खड्यांसारखी बारीक बारीक. मग बोटं. शेजारचा देवमाशाचा पर घेतला. एक. दोन. खडे. बोटं. ती थांबली. मांजराचा पाय. पुन्हा तेच. मग तिने आपला डावा हात उजव्या हाताने खांद्यापासून खाली दाबत दाबत आणला.

ती म्हणाली, बाबा, इकडे या.

ते आले. तिने त्यांचा हात धरून परावर ठेवला आणि हाडं मोजायला लावली. त्यांनी डोळे मिटले होते. एवढा मोठा पंजा, तो मातीवरून फार जपून फिरत होता. बऱ्याच वेळाने ते मावशींना म्हणाले, रविवारी हे मला प्रार्थनाघरात नेता येईल का. मावशी म्हणाल्या, आधी बाकीच्या वर्गांना दाखवू दे, मग न्या, फोडू मात्र नका.

मग मुलांनी रांग लावली. नियम पहिल्या बाकाने केला: डोळे मिटायचे, ती देईल ते हातात घ्यायचं, ओळखायचं. मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्यानेसुद्धा देवमासा ओळखला. मी खिडकीपाशी उभा राहून देखरेख करत होतो. एका मुलीने विचारलं, सर, तुम्ही नाही येणार का. मला वेळ मारून नेता आली असती. मावशी बघत होत्या. रांगेत शेवटी उभा राहिलो.

डोळे मिटले. हातात काहीतरी गार आलं. वरचं हाड लागताच मी म्हणालो, मांजर.

वर्ग हसला. कान गरम झाले. पळून जावंसं वाटलं, पण डोळे मिटलेले असताना दार कुठे आहे ते कळत नाही. तिने माझं बोट धरून खाली नेलं. म्हणाली, सर, घाई करताय. बोटं मोजा.

मोजली. पाच होती. एक आखूड, आणि बाकीची चार इतकी लांब की संपेचनात.

वटवाघूळ, मी म्हणालो.

बरोबर, ती म्हणाली. माझ्या हातातून पंख काढून घेतला आणि विचारलं, आता रांगेत कोण राहिलं.